आभाळाचा ई-क्लास

गिराल्डा सापडायला मला वेळ लागला. मी ती समोर शोधत होतो आणि ती खाली होती.

सेव्हिल शहरातल्या एका आलिशान हॉटेलच्या वरच्या मजल्यावर खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून मी उभा होतो. नदी दिसली, नदीवरचे पूल दिसले, कौलारू घरांचा पसारा दिसला. ज्या मनोऱ्याकडे पाहून या शहरातला माणूस आठशे वर्षं दिशा ओळखत आला, तो मात्र दिसेना. शेवटी सोबतच्या भाऊंनी बोट खाली केलं. "ते पाहा, ते पिवळं. तेच हाये ना?" तीच होती. कौलांच्या गर्दीत, हाताच्या बोटाएवढी.

मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातला संत्रा उत्पादक. स्पेनला गेलो तो संत्र्यासाठी. व्हॅलेन्सियाकडच्या बागा, तिथलं ठिबक, रोपवाटिका, प्रतवारीची केंद्रं पाहून झाली. शेवटचे दोन दिवस सेव्हिलला ठेवले होते आणि त्यातली एक रात्र या टोलेजंग इमारतीत. परत आल्यापासून लोक बागांबद्दल विचारतात, ते मी सांगतो. पण मनात घर करून बसली आहे ती ही रात्र. तिच्याबद्दल लिहायचं कारण असं, की जो प्रश्न तिथं पडला तो आता आपल्या दाराशी आला आहे.

आधी त्या इमारतीचं सांगतो. तिचं नाव तोरे सेव्हिया, उंची १८०.५ मीटर, म्हणजे सुमारे ५९० फूट. वरच्या मजल्यांवर हॉटेल, खाली कार्यालयं, पायथ्याशी बाजारपेठ. आराखडा सेझार पेल्ली यांचा. क्वालालंपूरचे पेट्रोनास जुळे मनोरे ज्यांनी रचले, तेच हे वास्तुविशारद. जागा ग्वादलकिवीर नदीच्या पलीकडची, १९९२ सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या बेटावरची. गिराल्डापासून सुमारे दोन किलोमीटर. म्हणजे ही इमारत बांधण्यासाठी एखादा जुना वाडा पाडला, चर्च हलवलं, असं काही झालं नाही. इमारत देखणीही आहे. आतली माणसं अतिशय आदबीनं वागली. आम्ही संत्रावाले म्हणताच नाश्त्याच्या वेळी एकानं आपल्या गावच्या बागेचे फोटो दाखवले. मला त्या हॉटेलबद्दल राग नाही, आणि हे मी मनापासून सांगतो.

गिराल्डा १०४ मीटरची. अल्मोहाद या मुस्लिम राजवटीत, ११८४ ते ११९८ या काळात, ती मशिदीचा मिनार म्हणून उभी राहिली. पुढे शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, मशिदीच्या जागी कॅथेड्रल झालं आणि सोळाव्या शतकात मिनाराच्या डोक्यावर घंटाघर चढलं. आत जिना नाही, चढणीचे ३५ टप्पे आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून ती सोय, असं तिथं सांगतात. राज्य बदललं, धर्म बदलला, तरी हा मनोरा कुणी पाडला नाही. कॅथेड्रल, अल्काझार राजवाडा आणि अमेरिकेतल्या वसाहतींची कागदपत्रं जपणारं दप्तर ही तीन स्थळं १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

नव्या मनोऱ्याचं काम २००८ साली सुरू झालं. शहरात विरोध झाला, तज्ज्ञांनी हरकत घेतली, उंची कमी करा म्हणून युनेस्कोच्या समितीपर्यंत विषय गेला. २०१२ साली सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत समितीनं खेद नोंदवला. तोवर मनोरा बराच वर आला होता. थांबवलं तर नुकसानभरपाई कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला आणि त्या प्रश्नापुढे बाकीचे सगळे प्रश्न बसले. २०१५ च्या सुमारास इमारत पुरी झाली.

हे ऐकताना मला आमच्या गावचं ई-क्लास आठवलं.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गावाच्या सामाईक जमिनीला, गुरं चरायच्या, ढोरं बसायच्या, होळी पेटवायच्या जागेला आम्ही ई-क्लास म्हणतो. महसुलाच्या दप्तरातला तो शब्द आता म्हातारीच्या तोंडातही बसला आहे. ई-क्लासवर अतिक्रमण कसं होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पहिल्या वर्षी कुटाराची, म्हणजे भुश्याची, गंजी लागते. कुणी काही म्हणत नाही, कारण गंजी उद्या उचलता येते. दुसऱ्या वर्षी गंजीवर टिनाचं शेड येतं. मग शेडला विटांची भिंत, भिंतीला मीटर, मीटरच्या बिलावरून ग्रामपंचायतीच्या घरनोंदवहीत, नमुना आठला नोंद. कुणी तक्रार केलीच, तर उत्तर तयार असतं: आता बांधून झालं, माणसं राहतात, काढायचं कसं?

सेव्हिलमध्ये ई-क्लास जमिनीवर नव्हतं, आभाळात होतं. आठशे वर्षं त्या शहराच्या आभाळात सर्वांत वर एकच गोष्ट होती. ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. नदीवर मासे धरणारा, बाजारातून परतणारी बाई, शाळेतलं पोर, सगळे तिच्याकडे फुकट पाहत होते. आता त्याच आभाळात एक खासगी मनोरा आहे आणि त्याच्या खोलीतून दिसणारा देखावा दर रात्रीच्या भाड्यानं मिळतो. मीही तो घेतला. पण तो देखावा बनला कशाचा? खालच्या हजारो घरमालकांनी आपली घरं ठेंगणी ठेवली, त्याचा. सगळ्यांनी मिळून जे राखलं, ते एकानं विकलं. आणि ज्यांनी राखलं, त्यांच्या नजरेत तो मनोरा कायमचा उभा राहिला. मला अन्याय म्हणायचा आहे तो हाच. इमारत सुंदर की कुरूप, हा वाद इथं लागू नाही. ई-क्लासवर संगमरवरी बंगला बांधला तरी ते अतिक्रमणच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॅथेड्रलच्या आतल्या अंगणात गेलो. पूर्वी मशिदीत वजू करायचं ते अंगण. आता त्याला संत्र्यांचं अंगण म्हणतात. विटांची फरशी, ओळीत लावलेली कडू संत्र्याची झाडं, आणि प्रत्येक झाडाचं आळं पुढच्या झाडाच्या आळ्याला फरशीतच कोरलेल्या अरुंद पाटानं जोडलेलं. मी उकिडवा बसलो. पाट चार बोटं रुंद असेल. उतार डोळ्यांना दिसत नव्हता, तळव्याला कळत होता. एका टोकाला पाणी सोडलं की ते एकेक आळं भरत शेवटच्या झाडापर्यंत जाणार. ठिबक यायच्या आधी माझे आजोबा असंच पाणी द्यायचे, फक्त मातीत. मार्च महिना होता. आपला आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, तिथला तेव्हा फुलला होता. अंगण त्या वासानं भरून गेलं होतं. रात्री वरच्या मजल्यावर मला शहर सगळं दिसलं होतं, पण हा वास तिथपर्यंत पोचला नव्हता.

त्या पाटापाशी बसलो असताना मला रिद्धपूर आठवलं.

रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. माझ्या गावाहून सायकलवर जाण्याइतकं. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथं राहिले, चक्रधरस्वामींचे ते गुरू. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' इथं सिद्ध केलं. मराठी गद्याची सुरुवात सांगताना हे गाव वगळता येत नाही. महानुभाव पंथाची काशी म्हणतात त्याला. आता मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरात आलं आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून बाहेरगावचे लोक या गावाबद्दल विचारू लागले आहेत. याचा मला अभिमान वाटतो. सातशे वर्षांनी कुणीतरी आमच्याकडे मराठी शिकायला येणार, याहून मोठा आनंद कोणता?

पण रिद्धपूरचा इतिहास सेव्हिलसारखा उंच नाही. राजमठ आहे, मंदिरं आहेत. पण महानुभावांची बरीचशी स्थानं म्हणजे ओटे. इथं स्वामी बसले, इथं जेवले, इथं निजले, तेवढ्या जागेवर बांधलेला गुडघाभर उंचीचा ओटा. लोक येतात, वाकतात, डोकं टेकवतात आणि पुढच्या स्थानाकडे चालू लागतात. एका ओट्यावरून दुसऱ्याकडे जाणारी गल्ली, मधलं निंबाचं झाड, वरचं मोकळं आभाळ, हे सगळं मिळून ते स्थान होतं. सेव्हिलची १०४ मीटरची गिराल्डा जिथं हाताच्या बोटाएवढी झाली, तिथं गुडघाभर ओट्याची काय कथा? त्याला झाकायला ५९० फूट लागत नाहीत. चार मजली लॉज पुरेसं आहे.

आणि ते येणार. विद्यापीठ आलं म्हणजे विद्यार्थी येतील, पाहुणे येतील, परिषदा भरतील. त्यांना राहायला जागा लागेल, खायला खानावळ लागेल. आमच्याकडे रस्ता थोडा रुंद झाला की आधी शेतात लेआउटचे दगड दिसतात, मग फलक लागतात. यात कुणाचा दोष नाही. संत्र्याला भाव नाही, बोअर हजार फुटांवर गेली, वरुड-मोर्शीत जमिनीतलं पाणी आपण उपसून संपवलं आहे. शेत विकून सुटू पाहणाऱ्याला दोष देणं मला जमणार नाही.

माझ्या सोबतच्या भाऊंनी त्या रात्री हॉटेलच्या खिडकीतच मला सुनावलं होतं. "भाऊ, तुमचं सारं बराबर हाये. पण आपले पोट्टे पुण्याले जाऊन सिक्युरिटीत उभे रायतात. असं एखादं हॉटेल आपल्याकडं झालं तं कोणाले नको हाये? आभाळ पाहून पोट भरते का?"

हा प्रश्न बाजूला सारून पुढे लिहिणं मला अप्रामाणिक वाटेल. अचलपूरकडे पाहा. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, तट आणि दरवाजांचं शहर. त्याच अचलपूरची गिरणी बंद पडली. मूर्तिजापूरहून ७६ किलोमीटर येणारी शकुंतला रेल्वे बंद पडली. दुल्हा दरवाजा उभा आहे, पण त्याच्या सावलीत बसलेल्या पोराला दरवाजा जेवू घालत नाही. ज्या गावाकडे फक्त इतिहास उरला आहे, त्या गावाला इतिहासासाठी उपाशी राहा असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नाही.

पण भाऊंच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, त्या सोडवून पाहायला हव्यात. काम खोल्यांमुळे मिळतं, उंचीमुळे नाही. चाळीस खोल्या एकावर एक रचल्या काय किंवा अंगणाभोवती दोन मजल्यांत पसरल्या काय, चादरी तेवढ्याच बदलायच्या असतात, स्वयंपाक तेवढाच करायचा असतो. दाट महानगरात जागा महाग म्हणून वर जावं लागतं. आमच्याकडे जागेचा तुटवडा नाही. खेड्यात उंच बांधायचं ते उठून दिसण्यासाठी. आणि उठून दिसण्याचा फायदा मालकाचा, झाकलं जाण्याचा तोटा गावाचा.

बागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको. संत्र्याच्या झाडाला पानसोट फुटतात. सरळ उभे वाढतात, इतर फांद्यांपेक्षा भराभर, गर्द हिरवे, जोमदार. नवखा माणूस पाहून खूश होतो की झाड काय वाढलं आहे! जाणता माणूस कात्री घेऊन येतो, कारण ते झाडाचं अन्न खातात आणि फळ धरत नाहीत. सेव्हिलला माणसं येतात ती गिराल्डा, अल्काझार, संत्र्यांच्या गल्ल्या पाहायला. त्या नसत्या तर हॉटेलच्या खिडकीतून पाहायचं काय होतं?

आणि उंच बांधायचंच असेल तर त्यालाही जागा असते. ज्या सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून समितीनं सेव्हिलबद्दल खेद नोंदवला, त्या शहराचीच गोष्ट आहे. तिथं एका बलाढ्य वायू कंपनीला जुन्या शहरासमोर, नदीकाठी, ४०० मीटरचा मनोरा बांधायचा होता. लोक रस्त्यावर आले, वाद काही वर्षं चालला आणि २०१० साली ती जागा सोडून द्यावी लागली. मनोरा शहराच्या कडेला, लाख्ता भागात समुद्राकाठी गेला. तिथं तो ४६२ मीटर उंच झाला. युरोपात त्याहून उंच इमारत नाही. म्हणजे लोकांनी विकास अडवला नाही, फक्त त्याला जागा दाखवली. आणि पाया भरायच्या आधी दाखवली. क्योतो शहरानं २००७ साली मध्यभागातली उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ वर आणली. उलट लिव्हरपूलनं बंदराकाठची बांधकामं रेटली आणि २०२१ मध्ये वारसा यादीतलं नावच घालवलं.

आपल्याकडचा कायदा याबाबत काय म्हणतो? केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढचे २०० मीटर परवानगीनं. हा कायदा चांगला आहे आणि त्यानं बरंच वाचवलं आहे. पण तो जमिनीवर टेप धरतो. सेव्हिलचा मनोरा दोन किलोमीटर दूर आहे. आपल्या या नियमानं त्याला कुणी हटकलंही नसतं. आणि हे नियम लागू होतात ते यादीतल्या स्मारकांना. गावातले ओटे, गल्ल्या, झाडं यांना त्या टेपचा आधार नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे: खिडकीतून वीस वर्षं निर्वेध उजेड आला, तर शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. एका खिडकीच्या वीस वर्षांची कायद्याला किंमत आहे, पण सातशे वर्षं पाहत आलेल्या गावाच्या नजरेची नाही. ही फट मुंबईत बसून कुणी बुजवेल, असं मला वाटत नाही. ती गावानं बुजवायची आहे.

गाव असं करू शकतं, हे विदर्भाला कुणी शिकवायला नको. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हटलं आणि २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून होतो. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे ग्रामसभा ठरवते. जंगल सामाईक म्हणून ठरवता येतं, तर आभाळाबद्दल का नाही? परवानगी कोणत्या कार्यालयातून येते हे जागेप्रमाणे बदलेल, पण फायलीला ग्रामसभेचा ठराव जोडलेला असला तर त्याचं वजन पडतं. आणि हा ठराव लेआउट विकले जाण्याआधी हवा. प्लॉट विकला गेला, पायाचे खड्डे खणले गेले, की सेव्हिलसारखा नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. मग बोलणारे गावाचे दुश्मन ठरतात.

रिद्धपुरासाठी माझं म्हणणं एवढंच आहे: स्थानांच्या भोवती दोन मजल्यांपुढे कुणी जाऊ नये. मोठी निवासं, हॉटेलं गावाबाहेर मोठ्या रस्त्याच्या कडेला व्हावीत, आणि जो स्थानांच्या नावावर खोल्या भाड्यानं देईल, त्याच्या करातला एक ठरलेला भाग त्याच स्थानांच्या झाडलोटीला, सावलीला, पाण्याला जावा. अचलपुरात दरवाजांच्या बाबतीतही हेच. यात कुणाचा रोजगार जात नाही.

कागदावर 'दहा मीटर' लिहून काही कळत नाही, हे मी जाणतो. स्वित्झर्लंडमध्ये यावर एक सोपी रीत आहे. इमारत बांधायच्या आधी त्या जागेवर तेवढ्याच उंचीच्या काठ्या उभ्या करतात. शेजारीपाजारी येता-जाता पाहतात, हरकत असेल तर नोंदवतात, मगच परवानगी. ही रीत वऱ्हाडात आणायला पैसा लागत नाही. आमच्याकडे फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यायचे बांबू घरोघरी पडून असतात.

मागच्या पंधरवड्यात आम्ही ते करून पाहिलं. दोन बांबू सुतळीनं जोडले, टोकाला लाल फडकं बांधलं, तीस-बत्तीस फूट झाले. म्हणजे तीन मजले. भाऊ आणि त्यांचा पोरगा बांबू धरून एका मोकळ्या प्लॉटवर उभे राहिले, मी ओट्यापाशी जाऊन बसलो. फडकं निंबाच्या वर आलं. तिथं इमारत असती तर निंब गेला असता, मागची गल्ली गेली असती. मी हात हलवून सांगितलं. भाऊ स्वतः ओट्यापाशी आले, माझ्या शेजारी बसले, बराच वेळ पाहत राहिले. मग पोराला ओरडून म्हणाले, "इथं नाई रे बाबू. तो बांबू त्या नालीपल्याड ने, बाभळीपाशी. तिथून पाहू, किती मजले जमते ते."